गाडी कुठून वाजते ते नंतर, आधी कधी वाजते ते सांगा

पावसाळा सरला की साताऱ्यातल्या गॅरेजांसमोर एकाच तक्रारीच्या गाड्या लागतात. "खालनं आवाज येतोय." गाडी मेढ्याकडची असो, पाटणची असो नाहीतर कोरेगावची, वाक्य तेच. मेकॅनिक गाडी रॅम्पवर चढवतो, चार ठिकाणी टॉमी (लोखंडी दांडा) घालून हलवून बघतो, दोन बुश (सांध्यातली रबरं) आणि एक लिंक बदलतो. कधी आवाज जातो, कधी आठ दिवसांत परत येतो. परत आला की मालक कंटाळून म्हणतो, "गाडीच तसली आहे," आणि गाण्यांचा आवाज वाढवून चालवत राहतो.

"खालनं" एवढ्याशा माहितीवर चांगल्या मेकॅनिकलाही नीट निदान करता येत नाही. त्यातून "पुढनं उजवीकडनं" अशी भर घातली तरी फारसा उपयोग होत नाही, कारण गाडीतला आवाज जागेच्या बाबतीत फसवतो. बॉडी म्हणजे एकाला एक वेल्ड केलेला पत्रा. पोलादातून आवाज हवेपेक्षा सुमारे पंधरा पट वेगाने जातो. चाकापाशी ठोका बसला की तो सगळ्या बॉडीत पसरतो आणि जो पत्रा थरथरायला मोकळा असेल तिथून कानाला लागतो. म्हणून डाव्या पायाशी वाजणारी खडखड उजव्या चाकाची निघते आणि मागच्या सीटखाली वाटणारी गुणगुण पुढच्या बेअरिंगची.

"कधी" मात्र सहसा फसवत नाही. सस्पेन्शनच्या, म्हणजे चाक आणि बॉडी यांच्यामधल्या धक्के झेलणाऱ्या जोडणीच्या, प्रत्येक भागावर ताण येण्याची वेळ ठरलेली असते. कुठला ब्रेक मारताना ताणला जातो, कुठला फक्त एक चाक खड्ड्यात गेल्यावर, कुठला गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर. ही वेळ पकडता आली की निम्मं काम झालं, आणि ते काम गाडी रोज चालवणाऱ्या माणसाइतकं चांगलं कुणालाच जमत नाही.

सुरुवातीला एक फरक करून घ्या. वेगाबरोबर वाढणारा, अखंड चालू राहणारा आवाज म्हणजे घोंघाट. तो मुख्यतः टायर, रस्ता आणि बेअरिंगचा. खड्डा, गतिरोधक, ब्रेक, वळण अशा प्रसंगी तुटक वाजणारा आवाज म्हणजे खडखड. ती सांध्यांची, बुशांची, शॉकअपची. दोन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. घोंघाटासाठी लोअर आर्म बदलून काही होत नाही आणि खडखडीवर मॅट चिकटवून भागत नाही.

घोंघाट जन्मतो कुठे

शहरातल्या वेगाला इंजिन ऐकू येतं. ताशी चाळीस-पन्नासच्या पुढे गेलं की टायर इंजिनवर मात करतात, आणि शंभरच्या आसपास वाराही त्यात सामील होतो. टायरची नक्षी रस्त्यावरच्या खडीवर आपटते, नक्षीच्या खाचांत अडकलेली हवा दाबली जाऊन झटक्यात बाहेर पडते, आणि टायरच्या आत कोंडलेली हवासुद्धा स्वतःच्या सुरात घुमते. हा शेवटचा प्रकार फारसा कुणाला माहीत नसतो. लहान गाडीच्या टायरमधल्या हवेच्या कड्याचा घेर साधारण दीड-पावणेदोन मीटर असतो. आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला तर ती हवा सेकंदाला २०० ते २३० वेळा कंप पावते. पुलाचा लोखंडी सांधा ओलांडताना "धप्" झाल्यावर पाठोपाठ जो "टंग्" असा घुमारा ऐकू येतो, त्यात याचा मोठा वाटा असतो. तो बिघाड नाही, त्यासाठी गॅरेज गाठू नका.

हा घोंघाट आत यायला दोन वाटा आहेत. जाड, घुमणारा आवाज, म्हणजे साधारण ५०० हर्ट्झच्या खालचा, टायरमधून रिममध्ये, तिथून सस्पेन्शनमध्ये आणि बुशांमधून बॉडीत चढतो. त्यापेक्षा बारीक, सळसळणारा आवाज हवेतून येतो: चाकाच्या कमानीतून, दाराच्या रबरांतून, काचांतून. म्हणून काच खाली-वर केल्यावर फार फरक पडत असेल तर तो हवेतला आवाज. काच बंद असो वा उघडी, पायाखालचा घुमारा तसाच राहत असेल तर तो लोखंडातून चढलेला.

आता "कधी"कडे या. महामार्गाच्या गुळगुळीत डांबरावर ताशी साठच्या वेगाने जा आणि ऐका. मग त्याच वेगाने उघड्या खडीच्या डांबरी रस्त्यावर ऐका. खडी वर आलेला रस्ता लागताच आवाज दुप्पट झाला आणि गुळगुळीत पट्टा येताच गप्प झाला, तर गाडीत बिघाड नाही, तो टायर आणि रस्त्याचा मामला आहे. रस्ता बदलला तरी गुणगुण तशीच, फक्त वेगाबरोबर चढते-उतरते, असं असेल तर संशय दोघांवर: उंच-सखल झिजलेला टायर किंवा चाकाचं बेअरिंग.

टायर तपासायला हात पुरतो. गाडी उभी करून टायरच्या पृष्ठभागावरून तळवा एकदा पुढच्या दिशेने फिरवा, एकदा उलट. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीच्या दात्यांसारखं टोचत असेल तर नक्षीचे ठोकळे तिरके झिजलेत. घेरावर ठरावीक अंतराने खळगे लागत असतील तर शॉकअप थकलेत किंवा बॅलन्सिंग बिघडलंय. असा टायर बेअरिंगसारखाच घुमतो, इतका की अनुभवी माणूसही चकतो. शहानिशा करायची सोपी युक्ती म्हणजे पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करणे. आवाजाचा सूर किंवा जागा बदलली तर टायर, काहीच बदललं नाही तर बेअरिंग. तसेही टायर दर आठ-दहा हजार किलोमीटरला फिरवायचेच असतात, त्यामुळे या तपासणीचा खर्च फुकट जात नाही.

बेअरिंगची खूण वळणावर मिळते. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो, त्यामुळे त्या वेळी गुणगुण वाढली तर बहुतेक वेळा डाव्या बाजूचं बेअरिंग गेलेलं असतं, आणि डावीकडे वळताना वाढली तर उजव्या. यासाठी महामार्गावरचं लांब, सौम्य वळण भरपूर झालं. यवतेश्वरच्या किंवा पसरणीच्या घाटात वेग वाढवून हा प्रयोग करायला जाऊ नका. पक्कं करायचं तर चाक उचलून हाताने फिरवायचं आणि दुसऱ्या हाताची बोटं त्या चाकाच्या स्प्रिंगवर ठेवायची. चांगलं बेअरिंग फिरतंय हे स्प्रिंगला कळतही नाही. गेलेलं असलं तर बोटांना रवाळ खरखर लागते. कानापेक्षा बोट इथे जास्त भरवशाचं.

टायर चांगले आहेत, बेअरिंग चांगलं आहे आणि तरी घोंघाट जास्त वाटतो, तर दोन गोष्टी बघा. एक, हवा. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर कंपनीने दाबाचा आकडा छापलेला असतो. तो थंड टायरचा असतो, म्हणजे सकाळी गाडी फारशी चालवण्याआधी मोजायचा. पंपावर "पस्तीस मार" म्हणून सगळीकडे सरसकट भरलेली हवा टायर कडक करते आणि प्रत्येक खडा आत पोचवते. दोन, टायरचं वय. टायरच्या बाजूला चार आकडे एका चौकटीत असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. रबर वर्षानुवर्षं उन्हात कडक होत जातं, नक्षी शिल्लक असली तरी. माण-खटावकडे गाडी कमी चालते पण उन्हात उभी असते, तिथे हे हमखास दिसतं: नक्षी भरपूर, आवाज प्रचंड, पकड कमी.

रिम मोठी आणि टायर रुंद-चपटे करून घेण्याची हौस पुष्कळांना असते. दिसायला गाडी छान दिसते, हे खरं. पण टायरची बाजूची भिंत जितकी बुटकी तितका धक्का गिळायला जागा कमी, आणि रुंदी वाढली की आवाजही वाढतो. आपल्याकडच्या रस्त्यांसाठी कंपनीचाच साइज ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

सांधे आणि रबर

खडखड समजायची तर गाडीच्या पुढच्या चाकामागे काय काय असतं ते डोळ्यासमोर आणायला हवं. बहुतेक लहान गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. शॉकअप आणि त्याच्याभोवती स्प्रिंग, असा एक उभा खांब. त्याचं वरचं टोक बॉनेटखाली बॉडीला रबराच्या माउंटिंगने बसवलेलं. खाली एक आडवा लोअर आर्म. तो बॉडीकडून दोन रबरी बुशांवर हलतो आणि चाकाकडून बॉल जॉइंटवर. स्टिअरिंगच्या रॅकमधून आलेला टायरॉड चाकाला वळवतो. आणि एक जाड सळई डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत आडवी गेलेली असते, तो स्टॅबिलायझर बार. वळणावर गाडी एका अंगाला कलू नये म्हणून. या बारची टोकं दोन छोट्या लिंकनी स्ट्रटला जोडलेली असतात आणि मधला भाग दोन रबरी बुशांत अडकवलेला असतो.

म्हणजे एका बाजूला मोजले तरी रबर किंवा गोळ्याचे आठ-दहा सांधे. लोखंड लोखंडाला थेट लागू नये म्हणून तिथे रबर. ते चिरलं, सैल झालं किंवा बॉल जॉइंटवरची रबरी टोपी फाटून आत चिखल गेला की मिलिमीटरभर ढिलाई येते, आणि तेवढी ढिलाई खडखडीला पुरते. आपल्या जिल्ह्यात या रबराला दोन टोकांचं हवामान सोसावं लागतं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तर दहिवडीकडे जेमतेम पाचशेच्या आसपास. पश्चिमेला फाटक्या टोपीतून चिखल-पाणी शिरतं, पूर्वेला बारीक धूळ. त्यात गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या कडा आणि महामार्गाच्या कामासाठी वळवलेले रस्ते. सस्पेन्शन लवकर वाजायला लागतं याचं नवल नाही.

कधी वाजतं

इथे जरा सावकाश जाऊ, कारण खरा फायदा इथेच आहे.

सगळ्यात जास्त वाजणारा भाग स्टॅबिलायझर लिंक, आणि त्याची ओळख अगदी पक्की आहे. दोन्ही पुढची चाकं एकदम चढतील असा सरळ गतिरोधक हळू ओलांडा. आवाज नाही. मग एकच चाक खड्ड्यात किंवा साइडपट्टीच्या कडेवरून न्या. लगेच "कटकट-कटकट". कारण साधं आहे. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर बार आपल्या बुशांत नुसता फिरतो, लिंकवर ताण येत नाही. एकच चाक वर गेलं की बारला पीळ बसतो आणि तो पीळ लिंकमधून जातो. सांधा सैल असला तर तिथे ठोका पडतो.

तपासणीचाही एक मुद्दा आहे, आणि तो न कळल्यामुळे चांगल्या गॅरेजातही लिंक सुटून जाते. एकच चाक जॅकवर उचललं की लोंबणाऱ्या चाकामुळे बार पिळलेलाच राहतो, लिंक ताणलेली राहते, आणि ढिलाई लपते. टॉमी घाला, हात लावा, घट्टच लागते. म्हणून लिंक बघायची ती गाडी चाकांवर उभी असताना. सपाट जागा, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवायचं म्हणजे चाकामागे हात जातो. लिंकचा वरचा सांधा मुठीत धरायचा आणि दुसऱ्याला गाडी छतापाशी धरून आडवी डोलवायला सांगायचं. सांधा गेला असेल तर कानाआधी बोटांच्या पेरांना "टक्" लागतो, काडेपेटीतली काडी मोडावी एवढाच. पण एकदा लागला की शंका उरत नाही. खालच्या सांध्यालाही तसंच. ही दोन मिनिटांची तपासणी.

माझ्या ओळखीतले एक निवृत्त गुरुजी आपली हॅचबॅक घेऊन एमआयडीसीतल्या मेकॅनिककडे आले होते. दुसरीकडे लोअर आर्म दोन्ही बाजूंचे बदलून झाले होते, आवाज तसाच.

"पुढनं लय वाजतंय."

"कधी वाजतंय, गुरुजी? ब्रेक मारल्यावर का खड्ड्यात?"

"खड्ड्यात. बारक्या बारक्या खड्ड्यात."

"ब्रेकवर हलका पाय ठेवला तर?"

गुरुजींनी ते करून बघितलं नव्हतं. दोघं गाडी घेऊन मागच्या उखडलेल्या रस्त्यावर गेले. वीसच्या वेगाला खडखड सुरू झाली. गुरुजींनी ब्रेकचं पेडल नुसतं स्पर्श होईल इतकं दाबलं आणि आवाज बंद. पाय काढला, परत सुरू. ब्रेक कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या, पिना सुकून झिजल्या होत्या आणि कॅलिपर आपल्या जागी थडथडत होता. ब्रेक हलका लावला की पॅड डिस्कला धरतात, कॅलिपर आवळला जातो, आवाज थांबतो. पिना, ग्रीस आणि क्लिपा एवढ्यावर काम भागलं. बारीक खडखड असेल तर बाकी काहीही उघडण्याआधी ही ब्रेकची परीक्षा घ्या. तिला पैसे लागत नाहीत.

लोअर आर्मचा मागचा बुश वेगळ्याच वेळी बोलतो. हळू चालत्या गाडीला ब्रेक मारला की एकदाच "धप्", मग रिव्हर्समध्ये घेऊन ब्रेक मारला की पुन्हा एकदा "धप्". आर्म पुढे-मागे सरकून टेकतो त्याचा तो आवाज. खड्ड्यात सलग कटकट होत असेल आणि ब्रेकला धप् होत नसेल तर आर्म बदलायची घाई करू नका.

गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवलं आणि स्प्रिंग पिळून सुटल्यासारखा "टंग्" झाला, तर स्ट्रटचं वरचं माउंटिंग किंवा त्याचं बेअरिंग अडकतंय. बॉनेट उघडून एकाने स्ट्रटच्या डोक्यावर तळहात ठेवावा, दुसऱ्याने स्टिअरिंग फिरवावं. झटका तळहाताला कळतो. असाच आवाज स्प्रिंगचं खालचं वेटोळं तुटल्यावरही येतो. तेव्हा गाडी त्या कोपऱ्यात किंचित बसलेली दिसते.

स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे काढताना "टक-टक-टक" असा चाकाच्या गतीशी जुळलेला आवाज म्हणजे अॅक्सलचा बाहेरचा जॉइंट. गावातल्या फरशीसारख्या खडबडीत रस्त्यावर, कमी वेगात, स्टिअरिंगच्या चाकात हाताला जाणवणारी बारीक टकटक म्हणजे रॅक किंवा टायरॉड. क्लच सोडताना किंवा गिअर बदलताना एकच दणका बसत असेल, एसी लावून उभं असताना गाडी थरथरत असेल, तर ते सस्पेन्शनच नाही, इंजिनचं माउंटिंग आहे. आणि गाडी जागेवर उभी असताना ठरावीक रेसला पत्रा झणझणत असेल तर सायलेंसरवरचा उष्णतेचा पत्रा किंवा सायलेंसर टांगणारं रबर. उंच गतिरोधकावर खाली घासलेल्या गाड्यांत हे नेहमीचं.

शॉकअप गेला की नुसता आवाज येत नाही, गाडीची चाल बदलते. खड्ड्यानंतर बॉडी एकदा खाली जाऊन स्थिर व्हायला हवी. ती दोन-तीनदा झुलत राहिली, घाटाच्या वळणावर मागचा भाग तरंगल्यासारखा वाटला, किंवा भरलेली गाडी गतिरोधकावर "दण्ण" बसली, तर शॉकअप बघा. नळीवर धुळीत हलका तेलकट ओलावा असणं चालतं. तेल खाली ओघळलेलं असेल तर तो संपला. शॉकअप एका अॅक्सलचे दोन्ही एकदम बदलायचे. एक नवा आणि एक थकलेला असेल तर गाडी ब्रेकखाली आणि वळणावर वाकडी वागते.

मागच्या बाजूची खडखड असेल तर आधी डिकी पूर्ण रिकामी करा. जॅक, पाना, स्टेपनीचा बोल्ट, पार्सल ट्रे, मागच्या सीटचा खटका, लोंबणारं सीटबेल्टचं बक्कल, डिकीवरची नंबरप्लेट. मागची खडखड यांतल्याच कशाची तरी निघण्याची शक्यता चांगलीच मोठी असते. माणूस मागे बसवा आणि एकेक वस्तू हाताने दाबून धरायला सांगा. ज्याला हात लावल्यावर आवाज थांबेल ते गुन्हेगार.

थांबायचं कशासाठी, तेही इथेच सांगतो. बॉल जॉइंट, टायरॉडचं टोक आणि चाकाचं बेअरिंग हे तीन सैल झाले असतील तर प्रवास लांबवू नका. बॉल जॉइंट निसटला तर चाक दुमडतं, टायरॉड निसटला तर स्टिअरिंगचा ताबा जातो. खंबाटकी उतरताना हे होणं म्हणजे काय, ते सांगायला नको. लिंक, स्टॅबिलायझर बुश, स्ट्रट माउंटिंग यांचा आवाज त्रासदायक असला तरी पगार होईपर्यंत थांबता येतं.

गॅरेजात गेल्यावर

मेकॅनिकला तीन गोष्टी सांगा: वेग किती, रस्ता कसा, आणि त्या क्षणी तुमचा हात-पाय काय करत होता. शक्य असेल तर त्याला शेजारी बसवून तो आवाज काढून दाखवा. चांगला मेकॅनिक स्वतःच फेरी मारायला मागतो. गाडी न चालवता थेट सुट्या भागांची यादी करणाऱ्याकडे मी गाडी सोडणार नाही. काचा खाली करून पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरसारख्या भिंतीच्या कडेने गेलात तर चाकांचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि डावं-उजवं जरा नीट कळतं, हीही एक युक्ती लक्षात ठेवा.

बुश बदलताना एक गोष्ट आवर्जून बघा, कारण ती चुकली की नवं रबर सहा महिन्यांत वाया जातं. लोअर आर्मचा बुश बाहेरून आर्ममध्ये घट्ट बसवलेला आणि आतल्या नळीतून बोल्टने बॉडीला आवळलेला असतो, मधलं रबर पिळलं जाऊन हालचाल देतं. गाडी रॅम्पवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळला तर रबर त्या लोंबत्या स्थितीत पक्कं होतं. गाडी खाली उतरली की ते कायमचं पिळलेलं राहतं, आणि प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळलं जाऊन लवकर फाटतं. योग्य पद्धत म्हणजे बोल्ट हाताने बसवायचे, गाडीचं वजन चाकांवर येऊ द्यायचं आणि मग शेवटचं आवळायचं. मेकॅनिकला नम्रपणे सांगा, "शेवटचं टाइट गाडी खाली घेऊन करा." ज्याला काम येतं तो रागावत नाही. लोअर आर्म किंवा टायरॉडला हात लागला असेल तर नंतर अलाइनमेंट करायचीच.

काही वॉशिंग सेंटरवर धुतल्यानंतर खालून डिझेल किंवा जुनं ऑइल फवारतात. गंज लागत नाही, करकर थांबते, असं सांगतात. करकर थांबते, पण चार दिवस. खनिज तेलाने रबर फुगतं, मऊ पडतं आणि मग चिरतं. स्पष्ट नको म्हणा. सुकलेल्या बुशाची कुरकुर तात्पुरती थांबवायचीच असेल तर सिलिकॉनचा स्प्रे वापरा, तो रबराला चालतो. पॉलियुरेथेनचे बुश फार टिकतात हे खरं, पण ते कडक असल्याने रस्ता जास्त आत येतो. घरच्या गाडीला साधं चांगलं रबरच बरं.

मॅट चिकटवण्याआधी

साउंड डॅम्पिंग मॅटचा व्यवसाय हल्ली जोरात आहे, आणि लोक निराशही तितकेच होतात. त्यामागे डेसिबलचं गणित आहे. डेसिबल सरळ बेरजेने चालत नाही. ७० डेसिबलचे दोन आवाज एकत्र आले तर १४० होत नाहीत, ७३ होतात. उलट बघा: आत येणाऱ्या दोन सारख्या वाटांपैकी एक संपूर्ण बंद केली तरी ७३ चे ७० होणार, आणि कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल कमी व्हावे लागतात. म्हणून फक्त दारांना मॅट लावून, चाकांच्या कमानी आणि फरशी तशीच ठेवून "फरक पडला नाही" असं वाटणारच. त्याच हिशेबाने वेग ताशी ८० वरून ४० वर आणला की टायरचा आवाज १० डेसिबलच्या आसपास उतरतो.

मॅट करते काय? पत्र्याच्या रिकाम्या डब्यावर टिचकी मारा, तो खणखणतो. आतून एका ठिकाणी तळहात टेकवून मारा, "ठक्" होऊन थांबतो. ब्युटाइल रबर आणि वर अॅल्युमिनियमची पातळ फॉइल असलेली मॅट तेवढंच करते. त्यासाठी सगळा पत्रा झाकायची गरज नसते, मोठ्या सपाट भागाचा मधला पाव ते एक तृतीयांश भाग झाकला तरी बराचसा परिणाम मिळतो. हवेतून येणारी टायरची सळसळ मात्र तिने अडत नाही. ती अडवायला फट बंद करावी लागते आणि वजनदार, सलग थर लागतो. स्वस्त डांबरी शीट टाळा, मेच्या उन्हात ती मऊ होऊन सरकते आणि वास येतो.

फटी शोधायला कागदाची पट्टी पुरते. दारात अडकवून दार लावा आणि ओढा. रबराने घट्ट धरलेली असेल तर ठीक, सहज सुटली तर तिथून वारा आणि आवाज येतोय. रबर बदलणं किंवा दाराचा खटका थोडा आत सरकवून घेणं मॅटपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

आणि दारात मॅट लावून घेत असाल तर समोर उभं राहून एवढं बघा. दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात. काचेवरून आत उतरलेलं पावसाचं पाणी तिथून निघून जातं. ती मॅटने किंवा फोमने बुजली तर इकडच्या पावसाळ्यात दारात पाणी साचतं, पत्रा आतून गंजतो आणि काचेची मोटर भिजते. काम संपल्यावर काचेवर तांब्याभर पाणी ओता आणि ते खालून बाहेर पडतंय याची खात्री करूनच पैसे द्या.